थांबलेला टँक

राजस्थानात लोंगेवालाची रणभूमी बघायला निघालो होतो. रामगढ मागे पडल्यावर मुलीने मागच्या सीटवरून मोबाइल पुढे केला. टी-७२ चा फोटो होता, मागच्या बाजूने काढलेला. "बाबा, टँकच्या मागे हा लाकडाचा ओंडका कशाला बांधलाय?"

मी तोंड उघडायच्या आत गाडी चालवणारे जावई म्हणाले, "जळणासाठी असेल. रात्री थंडी असते ना."

"जळायला कशाला, बसायला," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "माणसं दमत असतील."

चोवीस वर्षं त्या ओंडक्याच्या आसपास राहून मी या घराचं पोट भरलं आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नाही! चूक माझीच. सुट्टीवर आलो की मी शेतीचं बोलायचो, टँकचं नाही.

आधी एक सांगून टाकतो. 'रणगाडा' हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचत आलो. नोकरीत कुणाच्याही तोंडून तो ऐकला नाही. आमच्याकडे टँक तो टँकच. आणि मी टँक चालवणारा नव्हतो, तोफ डागणारा तर मुळीच नव्हतो. मी ईएमईचा, म्हणजे लष्कराची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा, रिकव्हरी मेकॅनिक. बिघडलेला, रुतलेला, उलटलेला टँक जागेवरून काढून आणणं हे माझं काम. सिकंदराबादला ट्रेनिंग, मग टी-५५ च्या एका रेजिमेंटला जोडलेल्या वर्कशॉपात, पुढे टी-७२ वर. २००७ ला हवालदार म्हणून घरी आलो. आता भिंगारला राहतो. तोफांच्या सरावाचा आवाज अजून कधीमधी कानावर येतो आणि चहाचा कप बशीत किणकिणतो.

तर ओंडका. टँक चिखलात किंवा वाळूत असा बसला, की दोन्ही ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारे पोलादी पट्टे, नुसते गरगर फिरतात आणि गाडी इंचभर हलत नाही, तेव्हा तो ओंडका पुढच्या बाजूला दोन्ही ट्रॅकना आडवा बांधायचा. मग पहिला गिअर टाकून सावकाश पुढे. ट्रॅक ओंडक्याला ओढून स्वतःच्या पोटाखाली घेतो आणि टँक आपल्याच लाकडावर पाय देऊन वर येतो. मागच्या टोकाला ओंडका निघाला की झटकन थांबायचं, नाहीतर तो मडगार्ड फाडून वर येतो. इतकंच. रशियातल्या चिखलासाठी काढलेली युक्ती राजस्थानच्या वाळूतही चालते, कधी कधी.

"म्हणजे टँकसुद्धा रुततो?" जावयांनी आश्चर्याने विचारलं.

या प्रश्नावर मी पुढचे चाळीस किलोमीटर बोललो. त्यातलं बरंचसं इथे लिहून काढतोय.

टी-५५ चं वजन ३६ टन. पण ट्रॅक लांब-रुंद असल्यामुळे जमिनीवर दाब पडतो तो दर चौरस सेंटीमीटरला साधारण ८०० ग्रॅम. मोटारीच्या टायरचा दाब याच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून जिथे जीप रुतते तिथून टँक आरामात जातो, सरळ जात असेल तर. ही अट महत्त्वाची. वाळूत टँकला सरळ जाऊ द्यावं. वळवला की ट्रॅक वाळू कापायला लागतो. धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकाडावर चढताना मध्येच गिअर बदलला की गाडी क्षणभर अडखळते आणि पुन्हा जोर लावेपर्यंत ट्रॅकने स्वतःसाठी खड्डा खणलेला असतो. उतारावर आडवं चाललं तर वाळू चाक आणि ट्रॅकच्या मध्ये भरत जाते, भरत जाते, आणि एका वळणावर ट्रॅक चाकांवरून सुटून बाहेर पडतो. आम्ही म्हणायचो, ट्रॅक टाकला. ट्रॅक टाकलेला टँक म्हणजे एका पायाचा हत्ती.

आता माझी गोष्ट. १९८६-८७ चा हिवाळा. राजस्थानात ब्रासटॅक्स नावाचा प्रचंड मोठा युद्धसराव चालू होता, तोच, ज्यामुळे दोन्ही देशांचं सैन्य सीमेवर आमनेसामने येण्याची वेळ आली होती. मी नाईकसुद्धा नव्हतो, साधा क्राफ्ट्समन. रात्री अडीचच्या सुमारास वायरलेसवर निरोप आला की अमुक ट्रूपचा एक टँक धोऱ्यावर बसलाय. एआरव्ही घेऊन निघालो. एआरव्ही म्हणजे टँकच्याच सांगाड्यावर विंच बसवलेली गाडी, टँकला ओढून काढणारा टँक.

पोहोचलो तर चित्र असं. ड्रायव्हर नवा होता. धोऱ्याच्या माथ्यापासून पाच-सहा मीटर खाली त्याने गिअर बदलला, गाडी अडकली, घाबरून त्याने डावीकडे वळवली, आणि डावा ट्रॅक गेला. वरून त्याने अॅक्सिलरेटर सोडला नव्हता. उजवा ट्रॅक खणत खणत खाली गेला होता, पोट वाळूवर टेकलं होतं, मडगार्डपर्यंत वाळू. आमच्या उस्तादांनी बॅटरी मारून एक फेरी घातली, ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि त्याला काही न बोलता फावडं दिलं. रिकव्हरीचा पहिला नियम तोच आहे, आधी फावडं, मग वायर. चाकांपर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली की दुप्पट, टरेटपर्यंत, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटापर्यंत, गेली तर तिप्पट. म्हणजे आमच्यापुढे ७२ टनांचं ओझं होतं. तेवढी ओढ एका वायरवर घेतली तर वायर तुटते, आणि तुटलेली वायर माणसाचे दोन तुकडे करते. म्हणून खणायचं, कप्प्या लावून ओढ वाटून घ्यायची, आणि एआरव्ही स्वतःच घसरत येऊ नये म्हणून तिचं फाळ जमिनीत रोवायचं. वाळूत तेही धरत नाही. फाळ लोण्यातून सुरी यावी तसं सरकत येतं.

पाच वाजता आम्ही खणतच होतो. थंडी अशी की घण हातात चिकटतो. आणि खणलेली वाळू पुन्हा खड्ड्यात येते. माझ्या गावाकडे विहीर खणताना कडा ढासळतात, पण त्या एकदा ढासळतात. ही वाळू ढासळत नाही, ती वाहते.

सकाळी साडेसातला ऊन आलं आणि एक जीप आली. त्यातून अंपायर उतरले, मेजरसाहेब, दंडाला पांढरी पट्टी. त्यांनी घड्याळ पाहिलं, टँकभोवती फिरले, "किती वाजल्यापासून?" विचारलं. उस्तादांनी खरं ते सांगितलं. साहेबांनी खिशातून खडू काढला आणि टरेटवर हातभर लांब फुली मारली. "हा टँक उजाडताच विमानाने मारला. तुम्हीही मेलात," आमच्याकडे पाहून ते म्हणाले, वहीत लिहिलं आणि निघून गेले.

तो हरियाणाचा ड्रायव्हर फुलीकडे बघत बसला. मग त्याने उस्तादांना विचारलं, मेलेल्यांना चहा मिळतो का. मिळाला. टँक बाहेर निघायला दुपारचे दोन वाजले.

त्या दिवशी मला त्या अंपायरचा राग आला होता. चांगला धडधाकट टँक! इंजिन ठीक, तोफ ठीक, गोळे भरलेले, चार माणसं जिवंत, नुसता एक ट्रॅक उतरलेला. त्याला मेला म्हणायचं? लोंगेवालात काय झालं होतं हे मला तेव्हा नीट माहीत असतं तर राग आला नसता.

लोंगेवालाची हकीकत बहुतेकांना सिनेमामुळे माहीत असते. पाकिस्तानी अधिकाऱ्यांच्या नाश्त्याचा आणि जेवणाचा किस्सा मी सांगणार नाही, तो तिथला प्रत्येक गाइड सांगतो. मी सांगतो ते मेकॅनिकच्या नजरेने.

डिसेंबर १९७१. जैसलमेर भागात आपली १२ इन्फंट्री डिव्हिजन होती आणि तिचं लक्ष स्वतःच पलीकडे जाण्यावर होतं, पाकिस्तानातल्या रहीमयार खान शहराच्या दिशेने. त्यामुळे लोंगेवालाच्या ठाण्यावर होती फक्त एक कंपनी, २३ पंजाबची ए कंपनी, सुमारे १२० माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली. बटालियनचं मुख्यालय १७ किलोमीटरवर साधेवालाला. सोबत सीमा सुरक्षा दलाची थोडी माणसं आणि उंट. हत्यारं म्हणजे मशीनगन, मॉर्टर आणि जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची आरसीएल तोफ. टँक एकही नाही. सुरुंग पेरायचं काम झालेलं नव्हतं.

४ तारखेच्या रात्री सेकंड लेफ्टनंट धरमवीर गस्तीची तुकडी घेऊन सीमेवर ६३८ नंबरच्या खांबापाशी होते. दत्तजयंतीची पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, चंद्र वर आल्यावर वाळवंट दुधासारखं दिसत असणार. पण त्यांना आधी दिसलं नाही, ऐकू आलं. हे मला अगदी पटतं. बारा सिलिंडरचं डिझेल इंजिन थंड रात्री मैलोन्‌मैल ऐकू येतं. इंजिनाच्या घरघरीपेक्षा ट्रॅकच्या कुरकुरीचा आवाज जास्त ओळखीचा, कोरड्या पिना वाळूत घासतात त्याचा. एकदा कानात बसला की विसरत नाही. चाळीसेक टँक, मागे पायदळाची ब्रिगेड, आणि हा आवाज सीमा ओलांडून आपल्या बाजूला येतोय! त्या गस्तीतल्या माणसांच्या पोटात काय झालं असेल ते मी फक्त अंदाजाने सांगू शकतो.

मुख्यालयाने चांदपुरींना दोन वाटा दिल्या, थांबा किंवा रामगढकडे मागे या. ते थांबले. याला शौर्य म्हणतात आणि ते आहेच, महावीरचक्र उगाच मिळत नाही. पण त्यात हिशेबही होता. कंपनीकडे सगळ्यांना पुरतील एवढ्या गाड्या नव्हत्या. रात्री वाळूतून पायी मागे निघालेल्या १२० माणसांना टँकने उघड्यावर गाठलं असतं तर काय झालं असतं? टेकाडावर, खंदकात, समोर पसरलेली मऊ वाळू आणि खालून जाणारी एकच कच्ची वाट. या जागेवरून पायदळ टँकचं काहीतरी करू शकतं. दुसरीकडे कुठेच नाही.

इथे लोक मला विचारतात (जावयांनीही विचारलं), एवढं विस्तीर्ण वाळवंट पडलंय, ठाण्याला वळसा घालून टँक पुढे का गेले नाहीत? नकाशावर वाळवंट म्हणजे पिवळा रंग, कुठूनही जा. टँकच्या ड्रायव्हरला ते तसं दिसत नाही. त्याला दिसते फक्त कडक जमीन, आणि ती असते वाटेवर. वाळवंटातलं ठाणं वाळू राखत नाही, ते वाट आणि पाणी राखतं. ५ डिसेंबरच्या पहाटे ज्या टँकनी वाट सोडून बाजूने जायचा प्रयत्न केला ते रुतले. त्यातल्या प्रत्येकाच्या जागी मला माझा तो हरियाणाचा ड्रायव्हर दिसतो, डावीकडे वळवणारा.

मध्यरात्रीनंतर तोफांचा मारा सुरू झाला. पहिले बळी गेले ते सीमा सुरक्षा दलाच्या उंटांचे. टँक वाटेने पुढे आले. ठाण्यावरच्यांनी ते अगदी जवळ येईपर्यंत गोळी झाडली नाही. मग आरसीएल बोलली आणि पुढचे दोन टँक गेले.

आरसीएलबद्दल दोन शब्द, कारण ती मी जवळून पाहिली आहे. या तोफेला मागचा धक्का नसतो, कारण अर्धा स्फोट ती मागून सोडून देते. म्हणून ती जीपवर बसू शकते. पण मागून जी ज्वाळा आणि धूळ उठते ती मैलभरावरून दिसते. वाळवंटात तर दुप्पट. शिकवताना सांगतात, मागची जमीन ओली करा. पाणी कुठलं? ताडपत्री अंथरा. एक गोळा, फार तर दोन, आणि जीप हलवायची, नाहीतर तिसरा गोळा समोरून येतो. हजारेक मीटरच्या आत टँक आला तरच मारायचा. म्हणजे टँक आपल्याला दिसतो, त्याला आपण दिसतो, आणि त्याच्याकडे पोलाद आहे, आपल्याकडे जीपची काच. त्या रात्री आरसीएलवरचा एक जवान कामी आला. रात्रभरात आपले दोन जण गेले, त्यातला एक हा.

पाकिस्तान्यांचा टी-५९ टँक हा टी-५५ च्या आधीच्या टी-५४ चाच चिनी भाऊ, त्यामुळे मला तो घरचाच. याच्या मागच्या बाजूला डिझेलचे दोन जादा पिंप असतात, प्रत्येकी २०० लिटरचे. लांब पल्ल्याला निघताना भरून घ्यायचे, लढाईच्या आधी टाकून द्यायचे. जैसलमेर गाठायचं म्हणून ते भरलेलेच होते. ते पेटले. जळणाऱ्या टँकच्या उजेडात ठाण्यावरच्यांना खालचं सगळं दिसायला लागलं, आणि खालच्यांच्या डोळ्यांत काळा धूर.

आणि मग आली ती तार.

ठाण्यासमोर काटेरी तारेचं साधं कुंपण होतं. पुढे आलेल्यांना ती तार दिसली आणि त्यांनी सैनिकाचा सरळ निष्कर्ष काढला. तार आहे म्हणजे पुढे सुरुंग आहेत. टँक थांबले. सुरुंग शोधायला सॅपर्सना पुढे बोलावलं, ते जळत्या टँकच्या उजेडात, मशीनगनच्या माऱ्याखाली वाळू टोचत बसले. सुमारे दोन तास गेले. तिथे सुरुंगांचा पट्टा नव्हताच.

या दोन तासांवर मी फार विचार केलाय. आरसीएल, मॉर्टर, मशीनगन यांनी काय केलं ते सगळे सांगतात. पण मला विचाराल तर त्या रात्री सर्वांत जास्त टँक त्या तारेने थांबवले. तिची किंमत तेव्हा किती असेल? आमच्या मळ्यात डाळिंबाभोवती लावतो तीच तार. अर्थात नुसती तार काही करत नाही. तारेमागे माणसं गोळ्या झाडत असतील तरच ती तार सुरुंगासारखी दिसते. माणसं रात्रीच निघून गेली असती तर तीच तार टँकच्या ट्रॅकमध्ये गुंडाळून जैसलमेरपर्यंत गेली असती.

उजाडलं. जैसलमेरला हवाई दलाची चार हंटर विमानं होती. ती रात्री काही करू शकत नव्हती, तशी सोयच त्यांच्यात नव्हती. म्हणून ठाण्याला सकाळपर्यंत टिकायचं होतं, आणि पाकिस्तानी टँकना सकाळच्या आत ठाणं ओलांडायचं होतं. सगळी लढाई या एका वाक्यात आहे. सकाळी सातच्या पुढे हंटर आली. मेजर आत्मासिंग कृषक नावाच्या छोट्या विमानातून वर फिरत टँक दाखवत होते, आणि हंटर रॉकेट व ३० मिलिमीटरच्या तोफांनी मारत होती. टँकचं चिलखत समोरून जाड असतं. वरून, इंजिनावर, ते पातळ पत्र्यासारखं. आम्ही त्यावर उभं राहून काम करतो म्हणून मला माहीत आहे, जाळीतून खाली इंजिन दिसतं. पाकिस्तानी विमानं आलीच नाहीत.

विमानातून काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. वाळूत टँकच्या ट्रॅकची गोल गोल वेटोळी, जशी पाटीवर लहान मुलाने गिरवावी. लोक तो बघून हसतात. मला हसू येत नाही. वरून विमान, खाली लपायला झाडही नाही, थांबलो तर मेलो आणि पळालो तर वाळू. तो ड्रायव्हर वळवत राहिला, वळवत राहिला. वळवलेला टँक वाळूत काय करतो ते वर लिहिलंच आहे.

अंपायरने खडूने मारलेली फुली मला समजली ती या फोटोनंतर. उजाडताना जो टँक वाळूत थांबलेला आहे, त्याचं इंजिन चालू आहे की बंद याला काही अर्थ उरत नाही.

आपल्या नोंदींनुसार पाकिस्तानने ३६ च्या आसपास टँक गमावले. त्यातले किती विमानांनी मारले, किती ठाण्यावरच्यांनी, यावर पुढे थोरामोठ्यांमध्ये बरीच कडू वादावादी झाली. मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणेन की त्या वेळी एखाद्या रिकव्हरीच्या हवालदाराला कागद-पेन्सिल देऊन रणांगणावर सोडलं असतं तर त्याने दिवसाभरात यादी दिली असती. भोक वरून आहे की बाजूने, इंजिनावर आहे की टरेटवर, की भोकच नाही आणि नुसता पोटापर्यंत बसलाय. माझा अंदाज, तिसरा रकाना कुणालाच नको होता. रुतलेल्या टँकचं पदक कुणाला द्यायचं? वाळूला?

नगरला एकदा वर्गात एका साहेबांनी उत्तर आफ्रिकेतल्या लढाईवर व्याख्यान दिलं होतं. आम्हा कारागिरांना मागे बसायची परवानगी होती. त्यातलं एक मला अजून आठवतं. मे १९४२, लिबियाचं वाळवंट. बीर हाकेम नावाची जागा, एक कोरडी विहीर आणि वाटांचा तिठा. तिथे जनरल कोनिगचे स्वतंत्र फ्रान्सचे साडेतीन हजारांवर सैनिक फेब्रुवारीपासून बसलेले. तीन महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही, खंदक खणले आणि हजारो सुरुंग पेरले. तिथून थोड्याच अंतरावर, उघड्या मैदानात, आपली तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड नुकतीच येऊन पोहोचली होती. २७ मेच्या सकाळी इटालियन टँक आले. त्याच एरिएटे डिव्हिजनचे टँक दोन्हीकडे गेले. आपली ब्रिगेड त्यांनी तासाभरात तुडवली. फ्रेंचांवर गेले तेव्हा सुरुंगांवर आणि तोफांच्या तोंडी तीसेक टँक गमावून मागे फिरले. फ्रेंच तिथे पंधरवडाभर टिकले आणि १० जूनच्या रात्री वेढा फोडून निघून गेले.

आपले जवान कमी शूर होते का? साहेबांनी वर्गाला हाच प्रश्न विचारला. कुणी बोलेना. मागून आमचे उस्ताद म्हणाले, "सर, फावडं मारायला वेळ मिळाला नाही." साहेब हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर तेच लिहिलं.

आता सगळं बदललंय म्हणतात. खरंच आहे. आरसीएलच्या जागी तारेवरून दिशा मिळणारी क्षेपणास्त्रं कधीच आली, मिलानसारखी, दोन किलोमीटरवरून मारणारी. रात्रीचं तर काही राहिलंच नाही. थंड वाळूवर गरम इंजिन थर्मल कॅमेऱ्यात दिव्यासारखं दिसतं. जमीनही बदलली. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी या भागात आल्यापासून रामगढच्या बाजूला हिरवी शेतं दिसतात, ती पाहून मी जावयांना दोनदा गाडी थांबवायला लावली. आमच्या वेळी इथे फोग आणि आक सोडून काही नव्हतं. टँकवाल्याच्या डोळ्याने मात्र कालवा म्हणजे अजून एक अडथळा, आणि ओलं शेत म्हणजे रुतायची नवी जागा. खोड जात नाही.

वाळूचा मात्र स्वभाव तोच. हवेतली पीठासारखी बारीक धूळ एअर क्लीनरमधून थोडी जरी आत गेली तर पिस्टनच्या रिंगा काही दिवसांत गुळगुळीत होतात. एअर क्लीनर साफ न करणाऱ्या ड्रायव्हरला आमचे उस्ताद त्याच धुळीची चिमूट त्याच्या चहात टाकून प्यायला लावायचे. आजच्या नियमात बसणार नाही ते. पण इंजिनं टिकायची.

लोंगेवालाला पोहोचलो तेव्हा दुपार होती. गर्दी भरपूर. पकडलेला टी-५९ तिथे उभा करून ठेवलाय. त्याच्या तोफेपुढे फोटो काढायला रांग. जावयांनी आणि मुलीने काढले, सौभाग्यवतींनाही उभं केलं. मला हाक मारत होते तोवर मी मागच्या बाजूला गेलो होतो.

टी-५४, टी-५९, टी-५५, या सगळ्यांचं ट्रॅक ओढणारं दातेरी चाक मागे असतं. त्याचे दात बघितले की गाडी किती चाललीय ते कळतं, जसं बैलाच्या दातांवरून वय. मी गुडघ्यावर बसलो, चष्मा काढून पुसला, आणि दात पाहिले. मग पुढच्या चाकाकडे सरकत वरचा ट्रॅक किती लोंबतोय ते पाहिलं. सवयीने हात गेलाच.

"हाथ मत लगाइए, अंकल," मागून आवाज आला. पंचविशीतला जवान. मी उठलो, गुडघे झटकले. तो माझ्याकडे पाहत होता, मग टँककडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"उस्ताद, ईएमई?"

मी मान हलवली. "कसं ओळखलंत?"

"बाकी सगळे पुढून बघतात," तो हिंदीत म्हणाला.

मी त्याला सांगितलं की डावा ट्रॅक फार ढिला आहे, एवढा ढिला ट्रॅक पहिल्याच वळणावर पडेल. त्यानेही वाकून पाहिलं. नीट, जबाबदारीने पाहिलं, मला बरं वाटावं म्हणून नाही. मग सरळ होऊन म्हणाला, "पर उस्ताद, इसको अब जाना कहाँ है?"

पार्किंगमधून जावयांनी हॉर्न वाजवला. तनोटच्या देवीची आरती गाठायची होती.